तुटलेल्या फायलींच्या बाई

आमच्या बाईंसमोर ‘पहिल्यापासून करू या’ असं म्हणायची सोय नव्हती. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात चपला काढायच्या, तसे हे शब्दही तिथंच काढून ठेवायचे. कुणी चुकून बोललंच, तर बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, “का? मागचं काय कुजलं काय?”

बाई लॅबच्या प्रमुख होत्या. मूळच्या गणिताच्या. मी त्याच कॉलेजात भूगोल शिकवत होते. सगळं कॉलेज त्यांना मॅडम म्हणायचं आणि त्या हाकेला त्या ओ द्यायच्या नाहीत. “मॅडम शाळा तपासाय येत्यात. मी शिकवतो. बाई म्हण,” असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. वर्गात फळ्यासमोर त्यांची मराठी छापील पुस्तकासारखी असायची. वर्गाबाहेर पडल्या की त्या आपल्या गावच्या, कोडोलीच्या व्हायच्या. मग हाय, न्हाय, व्हय, आणि आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं स्वतःबद्दल ‘मी जातो’, ‘मी बघतो’. कॉम्प्युटरशी त्या कोडोलीच्याच भाषेत बोलायच्या. “त्येला छापील मराठी कळत न्हाय,” म्हणायच्या.

कोडोलीला त्यांचे वडील दुसऱ्याच्या उसात राबायचे आणि आई हातमशीनवर गावाचे कपडे शिवायची. घरात पदवी घेणाऱ्या बाई पहिल्या. त्यांना नोकरी लागली तेव्हा वडील कोडोलीहून एसटीनं आले, गेटातून आत शिरून फक्त भिंतीवरच्या फळ्यावरचं मुलीचं नाव वाचलं आणि आल्या पावली परत गेले. हे बाईंनी मला कधी सांगितलं नाही, आमच्या शिपाईमामांनी सांगितलं. बाई एवढंच करायच्या, की बुद्धपौर्णिमेनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी स्टीलचा मोठा डबा भरून खीर आणायच्या आणि लॅबच्या दाराबाहेर उभं राहून ज्याला त्याला वाटीत वाढायच्या. आत नेऊ द्यायच्या नाहीत. मशीनला मुंग्या लागतात, हे त्यांचं ठाम मत.

आताच्या मुलांना तेव्हाचं इंटरनेट सांगून पटत नाही. नव्वदच्या दशकाचा शेवट आणि पुढची काही वर्षं. अख्ख्या कॉलेजात इंटरनेटसाठी एकच टेलिफोन लाइन. सकाळी ती ऑफिसची, दुपारी एक ते चार लॅबची. मोडेम खाकरत, किरकिरत लाइन जोडायचा. बाई डोळे मिटून तो आवाज ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या, “आज गळा बसलाय. वीस मिन्टं टिकंल.” आणि विसाव्या मिनिटाला लाइन तुटायचीच. आज डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर येणारी फाइल तेव्हा तीन-तीन दिवस यायची. मध्येच तुटली की लोक कपाळाला हात लावायचे, आलेलं पुसून टाकायचे आणि पुन्हा शून्यापासून मागायला बसायचे.

बाई पुसू द्यायच्या नाहीत. तुटलं तिथून पुढचं मागता येतं, हे आम्हां सगळ्यांना त्यांच्याकडूनच कळलं. पलीकडचं मशीन, म्हणजे फाइल देणारा सर्व्हर, शहाणा असला तर त्याला सांगायचं, की मला इतकं मिळालंय, पुढचं दे. आणि तो तेवढंच देतो. पण अगदी तुटल्या जागेपासून त्या कधी मागायच्या नाहीत. थोडं मागून घ्यायच्या. “दोरा तुटला तर आई दोन टाकं मागनं शिवायची. तुटलेल्या टोकाचा भरवसा धरू ने,” म्हणायच्या. त्यांच्या पर्समध्ये सुई आणि दोन रिळं कायम असत. फाइल येत असताना त्या पडद्याकडे एक डोळा ठेवून स्टाफमधल्या कुणाच्या तरी साडीला फॉल लावत बसायच्या, आणि लाइन तुटली की सुई तोंडात धरून दोन्ही हात कीबोर्डवर.

अडचण अशी, की सगळे सर्व्हर शहाणे नसत. आणि इथूनच बाईंची वही सुरू होते. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. तीत त्यांनी जगभरच्या सर्व्हरांचे स्वभाव लिहून ठेवले होते. ‘विसरभोळा. दर वेळी पहिल्यापासून सांगत बसतो.’ ‘मापात पाप. बोलतो एक, देतो कमी आणि दार लावून घेतो.’ ‘सोमवारी एक माल, मंगळवारी दुसरा, नाव तेच.’ एकाच्या पुढं नुसतं ‘सरळ माणूस’ लिहून खाली रेघ मारली होती. तो कुठल्याशा थंड देशातल्या वाचनालयाचा सर्व्हर होता, आणि बाई त्याच्याबद्दल माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायच्या.

एकदा कॉमर्सच्या एका सरांनी चार दिवस खपून टायपिंग शिकवायचा प्रोग्रॅम उतरवला. आकार बरोबर, नाव बरोबर, पण उघडेना. सर म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, पहिल्यापासून...” आणि स्वतःच जीभ चावली. बाईंनी ती फाइल कच्ची उघडली, म्हणजे आतली अक्षरं-आकडे जसेच्या तसे दिसतील अशी, आणि पान-पान खाली सरकवत गेल्या. मधोमध एका जागी त्या थांबल्या आणि खो खो हसायला लागल्या. त्या वेड्यावाकड्या चिन्हांच्या ढिगात स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं, की आपलं स्वागत आहे, कृपया आपलं नाव नोंदवा. लाइन तुटून पुन्हा जोडली गेली, तेव्हा सर्व्हरनं ओळख दाखवली नव्हती. पुढचा तुकडा द्यायच्या ऐवजी त्यानं दारावरची पाटी पाठवली होती, आणि आमच्या बाजूच्या प्रोग्रॅमनं ती मुकाट फायलीत शिवून टाकली होती.

“सर, तुमच्या फायलीच्या पोटात पाटी सापडली! या, बसा, नाव सांगा!”

बाईंनी ती पाटी बरोबर कडेकडेनं कापून काढली, तिथून पुढचं पुन्हा मागितलं, आणि दोन तासांनी प्रोग्रॅम सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सरांनी पेढे आणले. ते अर्थात दाराबाहेर वाटले गेले.

खोटं बोलणाऱ्या सर्व्हरांना बाई नुसत्या शिव्या घालून थांबत नसत. त्यांच्या मालकांना पत्रं लिहायच्या. इंग्रजीत, पण बोली कोडोलीची. ‘तुमचा सर्व्हर म्हणतो मी अर्ध्यातून देतो. देत नाही. एक तर असं म्हणायचं बंद करा, नाहीतर द्यायला शिका. आम्ही ह्या तारखेला, ह्या वेळी, इतक्यांदा मागून पाहिलं.’ खाली सही, हुद्दा, कॉलेज, कोल्हापूर. मी एकदा म्हटलं, “बाई, जरा ‘कृपया’ तरी घाला.” त्या म्हणाल्या, “चूक त्येंची आणि कृपा माझी व्हय?” बहुतेक पत्रांना उत्तर यायचं नाही. एकाचं मात्र तीन आठवड्यांनी आलं. त्यात एकच ओळ होती, की तुमचं बरोबर आहे, दुरुस्त केलं. बाईंनी तो कागद छापून लॅबच्या लोखंडी कपाटाला चिकटपट्टीनं लावला. कुणी पाहुणे आले की प्राचार्य त्यांना कॉलेजच्या ढाली आणि चषक दाखवत. बाई हा कागद दाखवत.

माझं स्वतःचं काम ह्या बाईंकडे पडलं ते फार उशिरा, आणि दोष माझाच होता.

मी चंदगडची. आमच्याकडे पाऊस पडून जात नाही, मुक्कामाला येतो. त्या पावसावरच मी पीएचडी करत होते. चार वर्षं, सुट्टी मिळाली की, एसटीनं गावोगाव जाऊन पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी उतरवून घेतल्या होत्या. त्या नोंदी उपग्रहानं टिपलेल्या ढगांच्या चित्रांशी ताडून पाहायच्या, असा विषय. ही चित्रं परदेशातल्या एका विद्यापीठाकडे होती. एकच मोठी बांधलेली फाइल, दोनशे दहा एमबीची. स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसून पाच आठवडे मी ती उतरवायचा प्रयत्न केला. एकदा एकसष्ट एमबीपर्यंत पोचले, लाइन तुटली, पुन्हा जोडल्यावर आकडा भलतंच काही दाखवायला लागला, आणि मी रागानं सगळं पुसलं. मग त्या विद्यापीठाची सूचना आली. हे संकलन अमुक तारखेला बंद होत आहे. सीडी पाठवायची व्यवस्था नाही. कुणाला हवं असल्यास त्याआधी उतरवून घ्यावं. माझे मार्गदर्शक म्हणाले, “ती चित्रं मिळाली नाहीत तर विषय बदला.” चार वर्षं त्या एका वाक्यात गेली.

लॅब विद्यार्थ्यांची, आपल्या खाजगी कामासाठी बाईंना कसं विचारायचं, म्हणून मी गप्प होते. नऊ दिवस उरले तेव्हा स्टाफरूममध्ये मला रडू फुटलं आणि शिपाईमामांनी जाऊन बाईंना सांगितलं.

“आत्ता सांगतीस व्हय?” बाई आल्या त्याच आवाज चढवून. “कुठवर आलतं?”

“एकसष्टपर्यंत. मग पुसलं.”

“पुसलं?” हा एवढा एकच शब्द मी त्यांच्या तोंडून हळू आवाजात ऐकला. मग त्या म्हणाल्या, “ऊठ. एक वाजाय आला.”

पहिल्या दिवशीच त्यांच्या लक्षात आलं, की हा सर्व्हर कुठल्याच खान्यात बसत नाही. लाइन तुटली, पुढचं मागितलं, त्यानं मुकाट दिलं. पुन्हा तुटली, पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा मागितलं तर गडी शून्यापासून सुरू. बाईंनी तिथंच तोडलं, लगेच पुन्हा मागितलं, तर परत बरोबर जागेवरून दिलं.

“कधी ऐकतोय, कधी न्हाय. विसरभोळा असता तर सदाच विसरला असता.” बाईंनी वहीत नवं पान काढलं आणि मला नियम सांगितला. आपला प्रोग्रॅम आंधळा आहे. जे येईल ते शेपटाला जोडतो. म्हणून दर वेळी लाइन जोडली, की सर्व्हरचं उत्तर आपण डोळ्यांनी वाचायचं. तो ‘अर्ध्यातून देतो’ म्हणाला तर येऊ द्यायचं. ‘शून्यापासून’ म्हणाला तर त्या क्षणी तोडायचं. आणि प्रत्येक उत्तर वहीत लिहायचं, वेळेसकट.

दुसऱ्या दिवशी बाईंना परीक्षेच्या पर्यवेक्षणाला जावं लागलं. लॅबमध्ये मी एकटी. दीड-दोन तास सगळं नीट चाललं. मग शिपाईमामा आले. चैत्राची यात्रा होती, ते जोतिबाहून नुकतेच परतले होते, भुवयांपासून चपलेपर्यंत गुलालानं लाल. त्या अवतारात त्यांना लॅबमध्ये येऊ देणं म्हणजे बाईंच्या हातून मरण. म्हणून मी प्रसाद घ्यायला बाहेर गेले, आणि यात्रेच्या गर्दीचं ऐकत दहा मिनिटं उभी राहिले. परत आले तर मधल्या वेळात लाइन तुटून आपोआप जोडली गेली होती आणि आकडा पुढं सरकत होता. सर्व्हर काय म्हणाला ते मी पाहिलं नव्हतं. तोडून मागं जावं, तर मिळालेलं घालवल्यासारखं वाटलं. आणि बाईंना सांगायचं तर जागा सोडल्याचं सांगावं लागलं असतं. मी वहीत वेळ लिहिली आणि पुढं लिहिलं, ‘ठीक’.

चौथ्या दिवशी दुपारी बाई सुई बाजूला ठेवून नुसती वही वाचत बसल्या होत्या. सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराबरोबर त्याच्या स्वतःच्या घड्याळाची वेळ यायची. ती बाईंनी पहिल्या दिवसापासून आमच्या भिंतीवरच्या घड्याळाशेजारी लिहून ठेवली होती. मला तो त्यांचा चक्रमपणा वाटला होता. अचानक त्यांनी टेबलावर थाप मारली. मी दचकले.

“हा एक माणूस न्हाय गं! दोघं हायत!”

“कोण दोघं?”

“बघ की. ऐकतोय तवा त्येचं घड्याळ बरोबर असतंय. ऐकत न्हाय तवा घड्याळ चार मिन्टं मागं. दर वेळी चार मिन्टं. एका माणसाची दोन घड्याळं असत्यात व्हय? दोन मशिनी ठेवल्यात मुडद्यांनी, आणि दोन्हीला नाव एकच दिलंय. आपण हाक मारली की दोघांतला जो मोकळा असंल तो दार उघडतोय.”

मला ते कळायला जरा वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सोपं करून सांगितलं. “थोरला शहाणा हाय, धाकटा येडा. आपल्याला थोरल्याकडंच जायाचंय. मग नावानं हाक कशाला मारायची? घर नंबरानं जायाचं.”

प्रत्येक नावाच्या मागं आकड्यांचा पत्ता असतो. त्या नावामागं दोन पत्ते निघाले. बाईंनी दोन्हीकडं पाच-पाच वेळा मागून पाहिलं. एक पाचही वेळा शहाणा, एक पाचही वेळा वेडा. त्या क्षणापासून आम्ही थेट थोरल्याच्या दारात जायला लागलो, आणि पुढचे चार दिवस त्यानं एकदाही फसवलं नाही. मी भूगोलाची बाई. मोठमोठे शोध पुस्तकातून शिकवले आहेत. पण आपल्या डोळ्यांसमोर, एका लाल वहीतून आणि भिंतीवरच्या घड्याळातून, हजारो मैलांवरच्या खोलीत एक नाही दोन मशीन आहेत हे कुणी ओळखताना मी तेव्हाच पाहिलं. बाईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. त्या फॉल लावायला बसल्या.

आठव्या दिवशी चारला पाच मिनिटं असताना आकडा पूर्ण झाला. फाइल उघडली नाही.

त्या रात्री मी जेवले नाही. नवव्या दिवशी, शेवटच्या, एक वाजता बाईंनी मला समोर बसवलं. वही उघडली. पान-पान उलटत म्हणाल्या, “ह्यात सगळं बरोबर दिसतंय. मग चूक ह्यात न्हायच. ह्यात न लिवलेलं काय घडलंय का?”

मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. दुसऱ्या दिवसाच्या पानावर बोट ठेवलं. “हे ‘ठीक’ मी न बघता लिहिलं, बाई. मी बाहेर गेले होते.”

त्या ओरडतील म्हणून मी खांदे आवळून बसले. त्या ओरडल्या नाहीत. वहीतल्या वेळेवरून त्यांनी अंदाज बांधला, फाइल कच्ची उघडली आणि त्या जागेपर्यंत गेल्या. “हे बघ,” म्हणाल्या. प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला काही ठरावीक अक्षरं असतात, तिचं तोंडच म्हणा. ते तोंड आमच्या फायलीच्या पोटात पुन्हा उगवलं होतं. मी प्रसाद खात होते तेव्हा दार धाकट्यानं उघडलं होतं. लाइन पुढं तुटेपर्यंत त्यानं पहिल्यापासूनचं तीन एमबी दिलं होतं, आणि आमच्या आंधळ्या प्रोग्रॅमनं ते मध्येच जोडलं होतं. मागचं सगळं बरोबर, पुढचं सगळं बरोबर, मधली तेवढी जागा चुकीची.

“तीन एमबीचं ठिगळ,” बाई म्हणाल्या. “पंधरा मिन्टांचं काम. लाव लाइन.”

लाइन मेलेली होती. फोन उचलला तर नुसती शांतता. ऑफिसनं सांगितलं, बाहेर रस्ता खणताहेत, तार तुटली असेल, उद्या माणूस येईल. उद्या ती फाइल जगात कुठंच मिळणार नव्हती.

कॉलेजात दुसरी एकच लाइन होती, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. बाईंनी कपाटातून तारेचं भेंडोळं काढलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि व्हरांड्यातून तार सोडत चालू लागल्या. केबिनमध्ये प्राचार्य फोनवर बोलत होते. कुणीतरी मोठा माणूस असावा, कारण सर उभं राहून बोलत होते. बाईंनी हातानं खूण केली, की आटपा. सरांनी हातानं खूण केली, की थांबा. बाई अर्धा मिनिट थांबल्या. मग खाली वाकून त्यांनी भिंतीतली तार उपसली.

“अहो मॅडम!”

“सर, तुमचं बोलणं परत पहिल्यापासनं करता येतंय. हिचं न्हाय.”

बाईंच्या तोंडून ‘पहिल्यापासनं’ हा शब्द बाहेर पडलेला मी तेवढा एकदाच ऐकला. सर इतके थक्क झाले, की रिसिव्हर कानाला तसाच धरून उभे राहिले. मोडेम खाकरला, किरकिरला. बाईंनी डोळे मिटून ऐकलं पण निकाल काही दिला नाही. थोरल्याच्या दारात जाऊन त्यांनी खराब जागेच्या थोडं मागून मागितलं. त्यानं दिलं. एक एमबी. दोन. शिपाईमामा व्हरांड्यात उभे राहून तारेवर कुणाला पाय देऊ देत नव्हते. प्राचार्यही त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले होते. तीन एमबी आणि वर थोडं जास्त झाल्यावर बाईंनी स्वतः लाइन तोडली, दोन्ही टोकं जुळतात का ते अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं, आणि ठिगळ लावलं.

फाइल उघडली. एकामागून एक चित्रं. पहिल्याच चित्रात पश्चिम किनारा आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पांढरा जाड पट्टा. त्याच्या खाली कुठंतरी आमचं घर होतं. मी बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग वही पुढं ओढली, माझ्या ‘ठीक’पुढं कंसात ‘न बघता लिहिलं’ असं लिहिलं, पेन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “सही कर.”

मी केली. माझ्या प्रबंधावर माझी सही आहे तिच्यापेक्षा ह्या सहीचा मला जास्त धाक आहे. आजही कुठलीही नोंद मी न बघता लिहीत नाही.

मला डॉक्टरेट मिळाली. बाईंनी त्या फाइलच्या तीन सीड्या केल्या, एक लॅबमध्ये, एक माझ्याकडे, एक स्वतःच्या घरी. दर दिवाळीच्या सुट्टीत त्या तिन्ही उघडून पाहायच्या आणि नव्या सीडीवर उतरवून घ्यायच्या. मला ते जरा अतीच वाटायचं. लोक दिवाळीत घर आवरतात, बाई ढग आवरायच्या.

पाच-सहा वर्षं गेली. कॉलेजात चोवीस तासांचं इंटरनेट आलं, स्वतःचा सर्व्हर आला. बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. तेव्हा मला एका परदेशी संशोधिकेचं पत्र आलं. ती त्याच विद्यापीठात काम करत होती. माझा लेख तिच्या वाचनात आला होता. तिनं लिहिलं होतं, संकलन बंद केल्यावर ते टेपांवर ठेवलं होतं, आता त्या टेपा वाचता येत नाहीत. इतर कुणाकडे पूर्ण प्रत आहे असं ऐकिवात नाही. तुमच्याकडे आहे का?

मी ते पत्र घेऊन व्हरांड्यातून धावत लॅबमध्ये गेले. चपलांसकट. बाईंनी आधी चपला बाहेर काढायला लावल्या, मग पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

“सीडी पाठवू या टपालानं,” मी म्हटलं.

“कशाला? घिऊन जाऊ देत की आपल्या दारातनं.” आणि मग पदर खोचत म्हणाल्या, “पावणं येणार. आधी आपलं घर बघू दे मला.”

पुढचे तीन दिवस त्यांनी आमच्या सर्व्हरची अशी परीक्षा घेतली, की तशी विद्यापीठानं कुणाची घेतली नसेल. मुलांना वेगवेगळ्या मशीनवर बसवून फाइल मागायला लावायच्या आणि मागून जाऊन हळूच तार उपसायच्या. मग पुढचं मागायला लावायच्या. एकदा आमचाच सर्व्हर चुकला, शून्यापासून द्यायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला जे काय सुनावलं ते छापता येणार नाही. तो दोष त्यांनी शोधून काढलाच. सव्वीस वेळा तार उपसली, सव्वीस वेळा बरोबर जागेवरून पुढचं मिळालं, तेव्हा कुठं मला म्हणाल्या, “लिव तिला. ये म्हण.”

ती आली, म्हणजे तिचं मशीन आमच्या सर्व्हरच्या दारात आलं, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आमच्या पडद्यावर ओळी उमटायला लागल्या, कोण आलं, काय मागितलं, कुठून कुठवर दिलं. बाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या हातात त्या दिवशी शिवण नव्हतं. एकशेतीस एमबीच्या आसपास ओळी थांबल्या. तिकडून की इकडून कळलं नाही, पण तुटलं होतं. मग एक नवी ओळ आली. पलीकडचं मशीन विचारत होतं, मला इतकं मिळालंय, पुढचं देता का?

आमच्या सर्व्हरनं दिलं. बरोबर तिथून, नेमकं तेवढं. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि फाइल पूर्ण जाईपर्यंत ते उचललं नाही.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. सगळं मिळालं, उघडलं, चित्रं स्वच्छ आहेत. शिवाय विचारलं होतं, की तुमचा सर्व्हर कोण सांभाळतं, त्यांना आमच्या तंत्रज्ञांकडून मुद्दाम धन्यवाद सांगा. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, “बरं,” आणि पर्स उचलली. त्यांचा गुडघा दुखायचा म्हणून आम्ही दोघी एकाच रिक्षानं घरी जायचो. रिक्षा फुलेवाडीकडे वळली. मग बाई एकदम पुढं वाकल्या आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात रिक्षावाल्याला म्हणाल्या,

“काय पावणं, आज आम्ही परदेशाला पाऊस पाठवला.”

त्यानं आरशातून मागं पाहिलं. “पाऊस? कुठला वो?”

“चंदगडचा.”

“व्हय? मग पोचला का?”

बाई मागं टेकून बसल्या. “पोचला की,” म्हणाल्या. “सगळा.”